पहिला पेला निजामोद्दीनचा

निजामोद्दीनला एका जागी बसलेला लातुरात कुणी पाहिला असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. चहासुद्धा हा माणूस उभ्यानं प्यायचा, तोही अर्धाच. उरलेला अर्धा टपरीवर तसाच ठेवून गडी रस्त्याला. त्याची बायको जन्नतबी सांगायची की निकाहाच्या दिवशी काझीसाहेबांचा प्रश्न पुरता व्हायच्या आधीच ह्यांनी 'कबूल' म्हणून टाकलं, कारण बाहेर कुणाची तरी भांडी खोळंबली होती. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच.

भांडी म्हणजे कल्हईची. घराणं मूळ कंधारचं, पिढीजात कल्हईवाल्यांचं. भाता, कोळसा, नवसागर, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा एवढं भांडवल. तापलेल्या पातेल्यात नवसागराचा पांढरा धूर उठायचा, त्यात बोळा गरगर फिरायचा आणि पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. रंग हिरवट होतो, जीभ आक्रसते, आणि तरी कुणी हावरटपणे खाल्लीच तर ओकून ओकून बेजार होतो. भांड्यानं अन्नात तोंड घालू नये म्हणून मध्ये कथलाचा पडदा घालायचा, एवढंच ते काम.

निजामोद्दीनच्या अब्बांचा एक दस्तूर होता. कल्हई झाली की भांडं स्वच्छ धुवायचं, त्यात पाणी भरायचं आणि घरच्या बाईच्या देखत पहिला पेला आपण प्यायचा. मगच भांडं तिच्या हवाली करायचं. "बर्तन कळक्या तो पैले अपना गला कळकना," असं म्हातारा म्हणायचा. कंधार, लोहा, उमरीच्या बायका दुसऱ्या कल्हईवाल्याला दारात उभं करत नसत ते ह्या पेल्यामुळं. पोरानं भाता उचलला तेव्हा पेलाही उचलला.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. निजामोद्दीन भाता खांद्यावर टाकून किल्लारीकडच्या गावांत गेला. त्याचा हिशेब सरळ होता: घरं गेली तरी माणसं रांधणार, रांधणार तर भांडी लागणार. पत्र्याच्या शेडबाहेर त्यानं भट्टी लावली आणि तिच्याभोवती येरझाऱ्या घालत राहिला. एकही भांडं आलं नाही. लोकांच्या घागरी, पराती ढिगाऱ्याखाली चेपल्या होत्या आणि त्या उपसायला कुणाचा हात धजत नव्हता. भांड्यांवर ज्यांची नावं कोरलेली होती ती माणसंही त्याच ढिगाऱ्यात होती. मदतीच्या ट्रकांतून आलं ते सगळं प्लास्टिक. बादल्या, मगे, आणि माणसाच्या छातीला लागतील असे निळे ड्रम. त्या ड्रमांपुढं बायकांची रांग पाहिली आणि आपले दिवस भरले हे त्याला कळून चुकलं. तो तिथंच भट्टीपाशी रडला. पण नीट रडायलासुद्धा एका जागी बसावं लागतं, त्यामुळं तेही अर्ध्यात सोडून उठला आणि लातूरला आला.

ज्यानं आपला धंदा बुडवला त्याचाच धंदा करायचा, असं डोकं त्यानं चालवलं. मोठ्या शहरांतल्या कारखान्यांचे रिकामे ड्रम भंगारातून उचलायचे, धुवायचे, विकायचे. लातूर हे गाव असल्या धंद्यासाठीच वसवलं की काय असं वाटावं. नळाला पाणी येणं हा इथं सण असतो, आणि सणाला जेवढी भांडी असतील तेवढी कमीच. त्यात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. डॉक्टर होणारी पोरं-पोरी चारी बाजूंच्या खेड्यांतून येऊन आदळू लागली, त्यांच्यासाठी वसतिगृहं आली, मेस आल्या, आणि प्रत्येक गच्चीवर निजामोद्दीनचे निळे ड्रम ओळीनं उभे राहिले. पाण्याची रेल्वे लातूरला आली त्या उन्हाळ्यात तर ड्रम धुवायला पाणी नव्हतं आणि गिऱ्हाईक मात्र दारातून हलत नव्हतं.

धुण्यात त्यानं कधी हयगय केली नाही, हे कबूल केलं पाहिजे. चिंच, राख, विटेची भुकटी, मग उन्हं, मग पुन्हा पाणी. चिकटलेला कागद विटेनं खरवडून काढायचा. त्या कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय याची त्याला फिकीर नव्हती. नाक आत घालायचं, हुंगायचं, वास गेला की माल तयार. सगळ्यांत जास्त मागणी साबणाच्या ड्रमाला असायची. कापडाच्या गिरण्यांना लागणाऱ्या पातळ साबणाचे ते ड्रम. मेसवाली साखराबाई तर दुसऱ्या ड्रमाकडं ढुंकूनही बघायची नाही. "साबनाचा हाय म्हनल्यावर सोताच धुतल्यालाच हाय की," असं तिचं म्हणणं, आणि सगळ्या गल्लीला ते पटलं होतं.

आणि ड्रम गच्चीवर चढला, पाण्यानं भरला, की निजामोद्दीन पेला मागायचा. मालकिणीच्या देखत पहिला पेला घटाघटा प्यायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "घ्या बाई, आता तुमचं." अब्बांचा दस्तूर त्याची जाहिरात कधी झाला ते त्यालाही कळलं नाही.

त्याचा मुलगा उमरीला शिलाईचं दुकान चालवायचा. त्या मुलाची लेक उमैमा बारावीला आली तशी क्लाससाठी आजी-आजोबांकडं राहायला आली. पोरगी हुशार, शांत, आजोबाच्या, म्हणजे तिच्या दादाच्या, अगदी उलट. पुस्तक घेऊन बसली की दिवेलागणीपर्यंत हलायची नाही. हीच आपल्या घरातली पहिली डॉक्टर, हे निजामोद्दीननं चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगून ठेवलं होतं. पण वर्षभरात तिचा चेहरा पुरळांनी भरला, वजन वाढलं, आणि एक गोष्ट आजी-नातीतच राहिली: तिची पाळी महिनोन्‌महिने येईना. जन्नतबीनं तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, हार्मोनचं गणित बिघडलंय. जागरण, परीक्षेचा ताण, खाणं, घराण्यातला दोष, कारणं पुष्कळ असतात. गोळ्या दिल्या. नवऱ्याला असल्या गोष्टी सांगायची रीत नव्हती, म्हणून जन्नतबी गप्प राहिली.

एके दिवशी उमैमा क्लासवरून आली ती घरात न जाता अंगणातल्या ड्रमापाशी उभी राहिली. ड्रमाच्या पोटावर खरवडलेल्या कागदाचा एक कोपरा अजून चिकटून होता, तो ती नखानं उचकत होती.

"क्या हुआ गे?" निजामोद्दीननं चप्पल घालता घालता विचारलं.

"दादा, ये डरम काएका था?"

"साबन का. एकदम साफ."

"तुमे पैले पिए थे ना इसका पानी?"

"हौ. भरते बराबर. एक गिलास."

उमैमा त्याच्याकडं बघून म्हणाली, "मैं तो रोज पीती, दादा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर निजामोद्दीननं तोंडाला तोंड दिलं असतं. त्याची दुसरी चप्पल पायात जायचीच राहिली. मग जन्नतबी बाहेर आली आणि इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं तिनं तिथंच, उभ्या उभ्या सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो क्लासच्या दारात हजर. जीवशास्त्र शिकवणाऱ्या राजकन्या मॅडमनी वर्गात ड्रमांच्या पाण्याचा विषय काढला होता, तेव्हा त्यांनाच गाठायचं. मॅडम भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावच्या, वयानं त्याच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी खुर्ची दिली. हा बसला नाही.

"मॅडम, एकच सांगा. माज्या डरमामुळं पोरीला झालं का न्हाई?"

"असं एका शब्दात नाही सांगता येत, चाचा."

"एका शब्दात नगं, धा शब्दांत सांगा. पर सांगा."

राजकन्या मॅडमनी डबा बाजूला ठेवला. शरीरात हार्मोन नावाचे निरोपे असतात, त्या म्हणाल्या. कधी वाढायचं, कधी थांबायचं, पाळी कधी यायची, असे निरोप ते रक्तातून पोचवतात. अगदी चिमूटभर असतात, पण सगळं घर त्यांच्या शब्दावर चालतं. आता काही रसायनं अशी आहेत की ती ह्या निरोप्यांचं सोंग घेतात. काही कीटकनाशकांत असतात, काही प्लास्टिक मऊ करायच्या तेलात, काही गिरण्यांच्या साबणात. ती पोटात गेली की खोटा निरोप देतात, नाहीतर खऱ्याची वाट अडवतात. विष म्हणावं तर माणूस पडत नाही, ओकत नाही. थेंबाथेंबानं, वर्षानुवर्षं जातं, आणि वाढत्या अंगाला, पोटातल्या बाळाला जास्त बाधतं.

"पर मी चिंचंनं घासतो, राखंनं घासतो! वास येत न्हाई, चव येत न्हाई."

"ड्रमाचं प्लास्टिक ते पिऊन बसलेलं असतं, चाचा. वरून घासून आतलं निघत नाही. गच्चीवर उन्हानं ड्रम तापला की ते हळूहळू पाण्यात उतरतं."

"म्हंजी कळकतं," निजामोद्दीन म्हणाला.

मॅडमना तो शब्द ऐकून बरीच वर्षं झाली असावीत. "हो. कळकतं. फक्त हिरवं दिसत नाही."

निजामोद्दीन खिडकीपाशी गेला, दारापाशी गेला, परत आला. "उकळून घेटलं तर?"

"उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं, ते तिथंच राहतं. तुरटीनं बसत नाही."

"मंग काढायचं कसं?"

"कोळशानं बरंच निघतं."

निजामोद्दीनचे डोळे चमकले. कोळसा! जन्मभर ज्याच्या धुरात डोळे लाल केले तो कोळसा! मॅडमनी घाईघाईनं हात वर केला. तो नव्हे, चाचा. वाफेच्या झोतात खास भाजून त्याच्या अंगाला असंख्य बारीक छिद्रं पाडलेली असतात. पाणी त्यातून जाताना असली रसायनं त्या छिद्रांत चिकटून बसतात. तोही भरला की बदलावा लागतो, नाहीतर नुसतं सोंग. आरओच्या बारीक पडद्यातून पाणी दाबून काढलं तरी बरंचसं अडतं, पण त्यात कितीतरी पाणी वाया जातं. आणि एवढं करून ते पाणी पुन्हा त्याच ड्रमात ओतलं तर केलेलं सगळं पाण्यात.

"तपासून द्या ना मंग. माजा डरम घ्या, तपासा."

"इथल्या तपासणीत क्षार कळतात, जंतू कळतात. ह्याला मोठी यंत्रं लागतात, लांबच्या शहरात. आणि पाण्यात सापडलं तरी उमैमाला त्यानंच झालं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. नाहीच झालं असंही सांगणार नाही." मग त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मीसुद्धा पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या ड्रमाचं पाणी पिऊन मोठी झाले, चाचा."

"मंग तुमाला काई झालं?"

"काय माहीत? तेच तर कळत नाही ना."

ह्या उत्तरानं निजामोद्दीनचं डोकं पार फिरलं. पितळ कळकलं की माणूस शिव्या घालत दारात येतो, आपण कान धरतो, पुन्हा कल्हई करून देतो, विषय संपतो. इथं शिव्या घालायला कुणी येत नाही आणि गुन्हा झाला की नाही हेही कळत नाही! घरी येऊन त्यानं माळ्यावरून कल्हईचा जुना कोळसा काढला, माठाला भोक पाडलं, कोळसा भरला आणि ड्रमाचं पाणी त्यातून सोडलं. खाली शाईसारखं काळं पाणी आलं. ते तो फडक्यानं पुन्हा पुन्हा गाळत राहिला. जन्नतबीनं बघून घेतलं, मग फुटका माठ उचलून उकिरड्यावर टाकला. "दिमाग कू कल्हई करो पैले," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली.

घरातला ड्रम त्याच दिवशी गेला. उमैमासाठी कोळशाचा फिल्टर आला, पाणी स्टीलच्या कोठीत राहू लागलं. पण निजामोद्दीनला चैन पडेना. रस्त्यानं जाताना मान आपोआप वर जायची, आणि वर प्रत्येक गच्चीवर आपलाच निळा माल. कुठल्याही क्लासबाहेर पोरींचा घोळका दिसला की हा त्यांचे चेहरे बघत राहायचा, पुरळ शोधायचा, आणि आपण काय करतोय ते ध्यानात आलं की लाजून पळायचा. अंगणात उरलेला सगळा माल त्यानं आडवा कापून भंगारात घातला. पिण्यापुरत्या स्टीलच्या कोठ्या आणल्या, टेम्पो केला आणि दारोदार फिरून ड्रमाच्या बदली कोठी द्यायला लागला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. काहींनी कोठी ठेवून घेतली आणि ड्रमही दिला नाही. "पानी गोड हाय की चाचा," म्हणायचे. "तुमीच तर पिऊन दाखिवलं." पाणी गोड म्हणजे पाणी चांगलं, ह्यावर सगळ्यांचा विश्वास, आणि त्याखालोखाल निजामोद्दीनच्या पेल्यावर.

रमजानचा महिना होता, मेचं ऊन होतं. नवी बॅच सुरू व्हायची म्हणून पोरी ट्रंका घेऊन उतरत होत्या. निजामोद्दीन साखराबाईच्या मेसवर पोचला तेव्हा अंगण भरलेलं. कंधारचे, उमरीचे, देगलूरचे आईबाप जागा पारखत उभे. सगळ्यांत जास्त पोरी इथंच राहायच्या आणि सगळ्यांत जास्त साबणाचे ड्रम इथंच होते.

साखराबाईनं त्याला जिन्यापाशी अडवलं. ती लोह्याकडची, एकटीच्या हिमतीवर उभी राहिलेली बाई. तिच्या पोटावर पाय येणार हे दोघांनाही कळत होतं.

"ह्या टायमाला कामून आलाव, चाचा? बगा तरी कोन उभं हाय."

"बाई, पिन्याचं पानी डरमात ठिवू नका. कोठ्या आनल्यात. डरम मला द्या."

"धुन्याला ऱ्हाऊ द्या की."

"नजरंसमोर असला की पोरी तहानंला तितंच मगा घालत्यात. पोरींना बाधंल, बाई."

एका बापानं मान वळवून पाहिलं. साखराबाईचा चेहरा उतरला, मग तापला. "माज्या पान्याला पोरींच्या आईबापाम्होरं नाव ठिवून राहिलाव? कुनी दिले हे डरम? कुनी पिऊन दाखिवलं?" ती तरातरा वर गेली, पेला भरून आणला, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या. तुमचा पयला पेला. प्या न्हाईतर म्हना की इतकी सालं लबाडी केली!"

पोरी ट्रंकांवरून उठून पुढं आल्या. पेल्यातलं पाणी स्वच्छ होतं, गार होतं, आणि निजामोद्दीनच्या घशाला खरोखर कोरड पडली होती. एवढा पेला पिऊन आपल्याला काही होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. नेमकं तेच तर इतकी वर्षं सगळ्यांना दिसत आलं होतं.

देगलूरकडच्या एका आईला त्याची दया आली. "बाई, रोजे चालू हायेत त्यांचे. कसं पितील?"

साखराबाईचा हात खाली आला. तिलाही सुटल्यासारखं झालं. "हाव की," ती नरम आवाजात म्हणाली. "रोजा असंल. माज्या ध्यानातच न्हाई आलं."

दोघांचीही अब्रू राखणारी वाट समोर उघडी होती. मान डोलवायची आणि टेम्पोत बसायचं. साखरेच्या आजारामुळं डॉक्टरांनी त्याला त्या साली रोजे धरू दिले नव्हते. ही गोष्ट त्यानं मोहल्ल्यात कुणालाही कळू दिली नव्हती. दार लावून जेवायचा आणि तोंड पुसून बाहेर पडायचा. त्याची त्याला मरणाची लाज वाटत होती. पण त्याच्या नजरेसमोर ट्रंकेपाशी उभी असलेली एक पोरगी होती, हातात मोकळी बाटली धरलेली.

"रोजा न्हाई मला," निजामोद्दीन म्हणाला. "हे पानी मी पिनार न्हाई, बाई."

त्यानं पेला तिच्या हातात परत दिला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. बसून राहिला.

साखराबाई पेला धरून उभी. ज्या गावात भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालतात आणि झाडाला घातलेल्याचाही हिशेब ठेवतात, त्या गावात तिनं उभ्या जन्मात पेलाभर पाणी फेकलं नव्हतं. तिनं कोपऱ्यातल्या तुळशीकडं पाहिलं, दारातल्या गाईकडं पाहिलं, पोरींकडं पाहिलं. ते पाणी कुठं ओतावं हे तिला कळेना.